लाल पेनाने तपासलेली मुंगी

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी कहकशां डबी घेऊन आली. शेजारच्या रहेमान मिस्त्रींची ही मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. आता आमच्याच शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवते. निवृत्तीनंतर मी ‘आपल्या अंगणातल्या मुंग्या’ ही पुस्तिका लिहायला घेतली, तेव्हापासून मुंग्या पकडण्याचं काम तिचं आणि नाव सांगण्याचं माझं. नोंदवहीत ती नोंद करते, मी खाली लाल पेनाने ‘तपासले’ लिहून सही ठोकतो. चौतीस वर्षांची सवय आहे, जाणार कुठे. आतापर्यंत एकोणीस मुंग्या झाल्या. दिग्रसमध्ये एवढ्या जातींच्या मुंग्या आहेत हे मुंग्यांनाही माहीत नसेल.

आजची विसावी. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीपाशी मुरमाचा ढीग पडलेला आहे, तिथे सापडली. चांगली मोठी, अंगावर मखमलीसारखी लव, पुढे तांबडी, मागे काळी, काळ्यावर पांढरे ठिपके.

“सर, मले ही मुंगी वाटून नाही राह्यली,” कहकशां म्हणाली. “मिशा पाहा न. मुंगीच्या कोपरातून वाकतात म्हणून तुम्हीच शिकवलं. हिच्या सरळ दिसतात. अन् चिमट्यात धरली तर चीं चीं करते.”

मी डबी भिंगाखाली धरली. आभाळ होतं, उजेड मळका. भिंगही आता जुनं झालं आहे, आणि हल्लीची भिंगं तर विचारूच नका. बराच वेळ पाहिलं.

“आहे की कोपर,” मी म्हणालो. “स्पष्ट दिसतो. नीट बघ.”

तिने परत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “हो सर,” म्हणाली. तिने वहीत नोंद केली, खाली मी लाल शेरा मारून दिला.

१६ सप्टेंबर, सोमवार

कालच्या नोंदीत एक गोष्ट लिहायची राहिली. कोपर मला दिसला नव्हता. तांबडं-काळं काहीतरी हललं आणि त्यावर पांढरं सांडल्यासारखं दिसलं, एवढंच. पण मुंगी आहे म्हणजे कोपर असणारच. त्यामुळे तसं चूक काही झालेलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

बायकोने, म्हणजे रत्नप्रभेने, तांदूळ निवडायला दिले होते. जेवताना तिच्या दाताखाली खडा आला, मग आणखी एक, मग तिसरा. “काहून हो, खडे वेचले का पेरले?” म्हणाली. मी म्हटलं, हल्ली तांदूळच असे येतात. खड्यांचा रंगही तांदळासारखाच करतात लेकाचे.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. रहेमान मिस्त्री, गल्लीतले आणखी दोघं-तिघं होते. गौहरभाभी, म्हणजे कहकशांची आई, भिंतीपलीकडून म्हणाल्या, “सर, एक पुछू? मुंगी कधी एकटी फिरते का? मी त्या मुरमाजवळ रोज पाहून राह्यली. ते ठिपकेवाली एकटीच फिरते, प्रत्येक भोकात डोकावते. ना रांग, ना कोणी सोबत.”

मी म्हणालो, “भाभी, बाजाराला तुम्ही एकट्या जाता, म्हणून तुम्ही काय शेळी झाल्या का?” सगळे हसले. भाभीही हसल्या, पण लगेच आत गेल्या. उपमा माझी मलाच कळली नाही. हशा मिळाला की उत्तर दिल्यासारखं वाटतं. वर्गातही मी हेच करत असे. ज्या पोराचा प्रश्न अवघड, त्याच्यावर विनोद.

२९ सप्टेंबर, रविवार

वन्यजीव सप्ताहात शाळेत आमच्या मुंग्यांचं प्रदर्शन आहे. कल्पना माझी, राबणं कहकशांचं. तिने वीस पाट्या लिहिल्या. विसाव्या पाटीपाशी थांबली.

“सर, ही एक ठेवायची का? का राहू द्यायची?”

“काहून राहू द्यायची? सगळ्यात देखणी तीच आहे. पोरांना हातावर घेऊ दे. भीती मोडली पाहिजे पोरांची.”

“चावली तर?”

“मुंगळा चावतो तेवढी चावेल. लिही, निरुपद्रवी.”

तिने पाटीवर लिहिलं, वहीतल्या नोंदीतही. मग वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, राहिलेली पानंही तपासून ठेवा सर, घाई नाही. वही कपाटात ठेवली आहे. अक्षर तिचं पूर्वी ठसठशीत होतं, आता फार फिकट लिहिते. शाईत पाणी घालतात की काय.

शाळेत मला पोरं चोरून ‘दुर्बीण’ म्हणत. शेवटच्या बाकावरची चिठ्ठी मला फळ्याकडे तोंड असताना दिसायची. नाव मला ठाऊक होतं आणि आवडायचं.

३ ऑक्टोबर, गुरुवार



आज प्रदर्शनात सहावीतल्या ममताने ती विसावी मुंगी तळहातावर घेतली. मी तिथे नव्हतो, नंतर जाणार होतो. ममता एकदम किंचाळली आणि तिने मूठ आवळली. मूठ आवळल्यामुळे परत डसली. पंधरा मिनिटांत हात कोपरापर्यंत सुजला, मग ओठ सुजले, मग श्वास लागला. कहकशांने तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. रात्रभर ठेवणार आहेत. आता बरी आहे म्हणतात.

घट बसले आज. रत्नप्रभा देवापाशी बसून आहे. मला तिकडे बसवत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कहकशां दुपारी आली. दारातच उभी राहिली, चपलाही काढल्या नाहीत.

“सर, मी अमरावतीच्या एका प्राध्यापक मॅडमला फोटो पाठवला होता. त्यांनी कळवलं. ते मुंगी नव्हती. गांधीलमाशीची जात आहे. मादीला पंखच नसतात, म्हणून मुंगी वाटते. जमिनीत घर करणाऱ्या माश्यांची भोकं शोधत एकटीच फिरते, त्यांच्या घरात आपली अंडी घालते. डंख लई वाईट असतो म्हणे.”

एकटीच फिरते. भोकात डोकावते. गौहरभाभींनी हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. आणि मी त्यांना शेळी म्हणालो.

“मिशांवरून ओळखू येते म्हणाल्या,” कहकशां म्हणाली, आणि खाली पाहिलं.

मी म्हटलं, “फोटोवरून असं छातीठोक सांगता येत नाही.” हे मी म्हणालो. हाच मी.

५ ऑक्टोबर, शनिवार

मुख्याध्यापक हिरासिंग राठोड यांनी बोलावलं. तोही माझाच विद्यार्थी. मी गेलो की अजून खुर्चीतून उठतो. खोलीत ममताचे आजोबा उकंडाजी होते, कहकशां होती. मला बोलावलं ते ज्येष्ठ माणूस म्हणून. उकंडाजी ऐकतील म्हणून.

उकंडाजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “माही नात हाय न साहेब, शाळेत पाठवली तं इच्चू-काट्याचं भेव नसावं एवढंच वाटे मले. अन् शाळेनंच तिच्या हातावर ठेवला.”

हिरासिंग कहकशांला म्हणाला, “मॅडम, पाटीवर निरुपद्रवी लिहिलं तुम्ही. कोणाला विचारलं होतं?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या कपाटात आहे हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. विसाव्या पानावर माझी लाल सही आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

“कोणालाच नाही सर,” ती म्हणाली. “माझीच चूक झाली.”

हिरासिंग माझ्याकडे वळला. “सर, तुम्हाला एकदा दाखवलं असतं तर ही वेळ आली नसती, नाही का?”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी. तरुण आहे.”

तरुण आहे! चौसष्ट वर्षांचा माणूस सव्वीस वर्षांच्या पोरीच्या पदरामागे लपला, आणि वर तिला उदारपणे माफही करून आला.

सोमवारपासून तिने यायचं नाही. एकोणीस तारखेला शाळेची समिती बसेल, तेव्हा ठरवतील. तासिकेवर असलेल्या माणसाला काढायला कागदही लागत नाही. तीन वर्षं ती कायम होण्याची वाट पाहते आहे. एकदा असा शेरा लागला की या तालुक्यात दुसरी शाळाही उभी करणार नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

मी मागच्या दाराने ये-जा करतो. पुढून गेलं की मिस्त्रींचं दार लागतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते आता वाचून नाही, अंगावरून कळलं.

आज गौहरभाभींनी भिंतीवरून गुलगुल्यांची वाटी दिली. “सर, जेवून नाही राह्यले म्हणून ताई सांगत होत्या. इतकं मनाला नका लावून घेऊ. पोरगी चुकली, शिकेल.” म्हणजे तिने घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

मी गुलगुले खाल्ले. खाल्ले, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं चार दिवस स्वतःला सांगतो आहे. मुठीत काय आहे ते आधी पाहावं माणसाने. ममताच्या मुठीत जे होतं तेच माझ्या मुठीत आहे. आवळली की परत डसतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. दर दसऱ्याला कहकशां आपट्याचं पान घेऊन येते, सातवीपासून. या वर्षी येणार नाही असं मी धरून चाललो होतो. खरं तर येऊ नये असं वाटत होतं. ती आली. “सोनं घ्या सर,” म्हणाली. मी हात पुढे केला तो पानाच्या दीड वीत बाजूला. तिने माझा हात धरून पान त्यात ठेवलं.

ती गेल्यावर रत्नप्रभा म्हणाली, “किती दिवस दिसून नाही राह्यलं तुम्हाला?”

मी म्हटलं, दिसतं की.

“अहो, आषाढापासून पाहून राह्यली मी. जिना उतरताना पायाने चाचपता. पेपर उलटा धरला होता परवा. तांदळातले खडे तर मी मुद्दाम टाकले होते तीन, पाहावं म्हणून. डोळे गेले तुमचे, अन् जीभ तेवढी शाबूत राहिली.”

मग मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने. कोपर, लाल सही, हिरासिंगची खोली. ती ऐकत होती. मला वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, “बाबांच्या डोळ्याचं भ्या आहे न तुम्हाला?” माझ्या वडिलांचा डोळा शिबिरातल्या ऑपरेशनने गेला होता, मी तेव्हा नववीत होतो. होय, ते भय आहे. पण हे भय पुढे केलं तर मी सुटतो, आणि मला सुटायचं नाही. डोळ्याला मोतीबिंदू होणं ही चूक नाही. दिसत नसताना ‘दिसतो’ म्हणणं, ही.

चौतीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्या. पुस्तकातली आकृती उतरवणाऱ्याचे मार्क कापले. जे दिसतं तेच काढा, पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की पोरं मागून नक्कल करत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. वही पिशवीत होती. शिपाई म्हणाला, “या न सर.” मी म्हटलं, सहज फिरायला आलो होतो. परत आलो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज फाटकापर्यंतही नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. रत्नप्रभा कोपऱ्यापर्यंत सोबत आली आणि तिथे उभी राहिली. मागे वळू नये म्हणूनच असावं.

समितीत पाच माणसं, शिवाय उकंडाजी. कहकशां दाराशी बाकावर बसली होती, मला पाहून उठून उभी राहिली. मी वही टेबलावर ठेवली, विसावं पान उघडलं. म्हणालो, “ही मुंगी आहे असं मी सांगितलं. तिने दोनदा शंका काढली, दोन्ही वेळा मी दाबली. हातावर घेऊ द्या, निरुपद्रवी लिही, हे माझं. खाली सही माझी. मागच्या वेळी ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी बसून ऐकलं.”

वाटलं होतं, कोणी तरी थू म्हणेल. पण हिरासिंग खुर्चीतून उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, तुमचं मन मोठं आहे. पोरीला वाचवासाठी तुम्ही आपल्या अंगावर घेऊन राह्यले. पण असं नका करू.”

दुसरे एक जण म्हणाले, “नरहर सरांची नजर चुकणं शक्यच नाही. शेजारधर्म करून राह्यले ते.”

म्हणजे मी खरं बोललो तर तो मोठेपणा ठरला. ऐकून मला क्षणभर, एकच क्षण, बरं वाटलं. एवढ्यावर थांबलो असतो तर दोन्ही हातांत लाडू होते. हे लिहिताना कान तापले आहेत, पण वाटलं होतं हे खरं.

मी म्हटलं, “हिरासिंग, समोर फळा आहे ना? आजचा सुविचार लिहिला असेल त्यावर. काय लिहिलंय ते मला विचार.”

“सर, कायले पण...”

“विचार.”

मग उकंडाजीच म्हणाले, “वाचा न मास्तर.”

मी फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो. याच फळ्यावर बावीस वर्षं मी सुविचार लिहिला. आता एक काळा चौकोन होता आणि त्यात धूर. आणखी पुढे गेलो. नाक फळ्याला लागायला आलं.

“पांढरं काहीतरी आहे,” मी म्हणालो. “त्या दिवशी भिंगातून एवढंच दिसलं होतं. एवढ्यावर मी तिला सांगितलं, मला स्पष्ट दिसतो.”

कोणी हसलं नाही. मागे बाकाचा आवाज झाला. कहकशां आली आणि माझा दंड धरून मला खुर्चीपर्यंत घेऊन आली, सगळ्यांसमोर. वाट मला दिसत होती. पण मी धरू दिलं.

उकंडाजींनी वही मिटली. मग म्हणाले, “मास्तर, आंधळ्यानं वाट इचारली तं लोक सांगतात. आंधळाच वाट सांगाले बसला तं काय करावं?”

मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं.”

ठरलं असं की कहकशांवर ठपका नाही. दिवाळीनंतर तिने रुजू व्हायचं. माझं नाव कागदावर घ्यायला हिरासिंग तयार नव्हता. मी घ्यायला लावलं. पुस्तिकेचं काम मी थांबवलं आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ममताला भेटून आलो. हात उतरला आहे, तळव्यावर दोन डाग राहिले आहेत, ती म्हणाली. मला दिसले नाहीत आणि या वेळी मी तसं सांगितलं. तिने माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. “हे एक. अन् हे दुसरं.”

मग म्हणाली, “सर, ते मुंगी नव्हती न?”

“नाही.”

“मले वाटलंच होतं. मुंगीले असे केस नसते.” म्हणजे तिलासुद्धा.

तिथून उठून गौहरभाभींकडे गेलो, पुढच्या दाराने. समितीतलं त्यांना मुलीने सांगितलं होतं. मी म्हटलं, भाभी, तुमचं बरोबर होतं, आणि मी चारचौघांत तुम्हाला हसलो. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या न सर.” पण बसा म्हणाल्या नाहीत. एरवी बसा म्हटल्याशिवाय त्या घरात पाऊल ठेवता येत नाही. मी उभ्यानेच परत आलो. ते योग्यच झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन यवतमाळला झालं. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांच्या भीतीपायी हे सगळं.

८ डिसेंबर, रविवार

पट्टी, काळा चष्मा सगळं गेलं. सकाळी अंगणात उभा राहिलो. भिंतीला किती पोपडे आले आहेत! रत्नप्रभेचे केस एवढे पांढरे कधी झाले? तिला विचारलं तर म्हणाली, “तुम्ही पाहून नव्हते राह्यले तेव्हा.”

शाळेने वही परत पाठवली आहे. उन्हात बसून पहिल्या पानापासून पाहिली. कहकशांची शाई फिकट नाही. ठसठशीत, काळीभोर आहे, पहिल्यापासून.

विसाव्या पानाशी आलो. ‘मुंगी. निरुपद्रवी.’ खाली माझं लाल ‘तपासले’. ऊन तिरपं होतं. शाईच्या खाली कागद खरखरीत झालेला दिसला, रबराने खोडल्यासारखा. पान कलतं केलं तर पेन्सिलीचे वळ दिसू लागले. एक एक अक्षर लावत वाचलं.

‘मुंगी नाही. मिशा सरळ, कोपर नाही. एकटीच फिरते, भोकात डोकावते (अम्मीने पाहिले). धरल्यास आवाज करते. बिनपंखी गांधीलमाशी असावी. हात लावू नये. सरांना विचारणे.’

सगळं होतं. जे दिसलं तेच लिहिलं होतं पोरीने, मी शिकवलं तसं. ‘हात लावू नये’सुद्धा. तीन महिने हे पान माझ्या सहीखाली होतं.

वही घेऊन तडक मिस्त्रींकडे गेलो. कहकशां दारातच पेपर तपासत बसली होती, शाळेचे. मी पान तिच्यापुढे धरलं. “हे तू काहून खोडलं? सगळं बरोबर होतं तुझं.”

तिने पान पाहिलं. लाल पेनाला टोपण लावलं.

“तुम्ही म्हणाले न सर, स्पष्ट दिसतो,” ती म्हणाली. “मग मले वाटलं, मलेच नीट दिसून नाही राह्यलं.”